वाच तर खरं

पिशोरच्या एका ऑनलाईन सेंटरवर पीक विम्याचा फॉर्म भरायला गर्दी होती. मका-कपाशीची पेरणी उरकली, की कन्नड तालुक्यात ही गर्दी ठरलेलीच. माझ्या पुढे एक काका होते. त्यांचा सातबारा अपलोड करताना स्क्रीनवर लाल चौकट उमटली. खुर्चीवरच्या पोराने लगेच ओके दाबलं. पुन्हा चौकट, पुन्हा ओके. "साइट चालंना काका, उद्या या." काका जागचे हलले नाहीत. म्हणाले, "त्यात काय लिव्हलंय, ते वाच तर खरं." पोराने वाचलं. फाइल 500 केबीपेक्षा मोठी नको, एवढंच त्या चौकटीचं म्हणणं होतं. सातबाऱ्याची फाइल 2 एमबीची निघाली. ती लहान केली आणि थोड्याच वेळात पावती काकांच्या हातात पडली.

काकांना कॉम्प्युटर येत नव्हता, पण विहिरीवरची मोटार येत होती. मोटार पाणी ओढेना, म्हणून कुणी नुसतं बटण दाबत बसत नाही. आधी फ्यूज बघायचा, मग तिन्ही फेज आहेत का ते बघायचं, मग फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का ते. मोटार बिचारी मुकी. तिचं दुखणं आपणच शोधायचं. कॉम्प्युटर निदान सांगतो तरी. वेबसाइट उघडत नसली, की कधी कधी दिसणाऱ्या तीन आकड्यांतही निरोप असतो. पहिला आकडा 4 असला, तर खोट बहुधा आपल्या मागण्यात. 404 म्हणजे मागितलेलं पान त्या पत्त्यावर नाही. पत्ता एकदा तपासा. पहिला आकडा 5 असला, 500 किंवा 503, तर अडचण पलीकडच्या सर्व्हरची. तिथं आपण कितीही बटण बडवलं तरी उपयोग नाही. चहा घेऊन यावं.

घरातही अशा चौकटी रोज उमटतात. मुलगी म्हणते, "तुम्ही माझं ऐकतच नाही." आपण "बरं बरं, ऐकतो" म्हणतो आणि मोबाइलकडे वळतो. ओके दाबून मोकळे. संध्याकाळी तीच चौकट पुन्हा येते, जरा जास्त लाल होऊन. तिचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं, तर पुढचा शब्द कळतो. तिला फक्त वहीतलं चित्र दाखवायचं असतं. हा 4 नंबरचा निरोप, दुरुस्ती आपल्याकडे. आणि कामावरचे साहेब सकाळी उगाच चिडले, तर तो कदाचित 5 नंबरचा असेल. तिथं थोडं थांबलेलं बरं.

आज एखादी चौकट समोर आली, तर बोट ओकेवर जाण्याआधी ती शेवटच्या शब्दापर्यंत वाचू या. इंग्रजी अडलं, तर शेजारच्याला विचारू या. काकांनी तरी दुसरं काय केलं होतं?