जहाजी भाऊ

आप्त कोणास म्हणावे? ज्याच्याशी रक्ताचे नाते तो आप्त, असे उत्तर आपण सहज देतो. परंतु ज्या परमुलखात रक्ताचे नाते शोधूनही सापडत नाही, तेथे मनुष्याने कोणाच्या आधारावर जगावे?

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाज ३६ हिंदी मजुरांना घेऊन मॉरिशसला पोहोचले. पुढे करारबद्ध मजूर त्रिनिदाद, सुरिनाम, फिजी येथवर नेण्यात आले. १९१७ साली ही वाहतूक थांबेपर्यंत दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसेही होती.

कलकत्त्याहून त्रिनिदादचा प्रवास सुमारे तीन महिन्यांचा. त्या कोंदट तळघरात जातीपातीचे सोवळे सांभाळणे दुरापास्त होते. उशाला बसून पाणी पाजणारा हात कोणाचा, हे तापाने फणफणलेला मनुष्य विचारीत नाही. या सहवासातून ‘जहाजी भाई’ हे नवे नाते जन्मास आले. मळ्यावर आजारपणात व अंत्यविधीस हेच भाऊ धावून येत. हे नाते इतके सख्खे मानले जाई की, जहाजी भावांच्या मुलांचे परस्परांत विवाह करणेही पुष्कळांना अनुचित वाटे.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे. मॉरिशसचे मळेवाले जुन्या मजुरांना त्यांच्याच गावी नवे मजूर आणावयास धाडीत. परक्या दलालापेक्षा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर गावकऱ्यांचा विश्वास अधिक. त्याने तेथील हाल सांगितले, तर तो आप्त. हाल लपवून दलाली घेतली, तर तोच घातकी. म्हणजे केवळ ओळखीने उपकार पवित्र होत नाही. त्यात सत्य असावे लागते, आणि घेणारा कायमचा मिंधा न राहता स्वतःच्या पायांवर उभा राहावा लागतो.

आज आपल्यांपैकी अनेकांची मुले आखातात वा अमेरिकेत आहेत. पहिल्या रात्री त्यांना कोणीतरी पथारी दिली, कोणीतरी कामाची वाट दाखविली. ते ऋण त्याच माणसाला फेडता येईलच असे नाही. ते पुढच्या आगंतुकाला फेडावयाचे असते. आणि आपल्याच गावात परप्रांतातून मोलमजुरीस आलेला, कोणीही ओळखीचे नसलेला मनुष्य जेव्हा आपल्या दाराशी उभा राहतो, तेव्हा त्याचा जहाजी भाऊ कोण, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाशी द्यावे.