उंच सवारी आणि पहिला सलाम

आमच्या भोकर तालुक्यात पिकअप म्हणजे पोटापाण्याची गाडी. सोयाबीन, कापूस, हळद मोंढ्यावर न्यायची, येताना खताची पोती आणायची, लग्नसराईत मंडपाचे सामान वाहायचे. २००५ साली टाटांची 'एस' आली आणि लोकांनी तिला 'छोटा हत्ती' हे नाव देऊन टाकले. या गाडीचा मालक बहुधा स्वतःच चालक असतो. डोक्यावर हप्ता असतो, म्हणून तो खड्डा पाहून चालवतो. त्याच्याविषयी आमची काही तक्रार नाही.

आमचा प्रश्न दुसऱ्या गाडीविषयी आहे. अमेरिकेत हाच पिकअप ट्रक हौसेखातर खालून चढवून, थोराड टायर लावून जमिनीपासून उंच करतात. त्यातल्या पुष्कळ गाड्यांत मालाचे एक पोतेही कधी पडत नाही. आपल्याकडे ती हौस स्कॉर्पिओ, थार, बोलेरो अशा गाड्यांवर भागवली जाते. रुंद टायर, पुढे लोखंडी गार्ड, डोळे दिपवणारे दिवे, काचांना काळी फिल्म आणि दोन-तीन सुरांत किंचाळणारा हॉर्न. अशी गाडी मागून आली की सायकलवाला मुकाट्याने रस्त्याखाली उतरतो. गवताचा भारा घेतलेली म्हातारी झाडाला टेकून उभी राहते. गाडीत बसलेल्याला वाटते, लोकांनी मान दिला. खरे तर लोकांनी जीव वाचवलेला असतो. मान आणि भीती यांतला फरक उंचावर बसलेल्याला दिसेनासा का होतो, हे आम्हाला या लेखात तपासायचे आहे.

कायद्याचे बोलायचे तर ते आधीच लिहून ठेवलेले आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावले. त्याच न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली. अनेक सुरांच्या हॉर्नला केंद्रीय मोटार वाहन नियमांत बंदी आहे. पण दंडाची पावती फाडून माणूस बदलत नाही. पावती खिशात जाते, ऐट जागेवरच राहते. म्हणून प्रश्न कायद्याच्या आधीचा आहे. तो अखलाकचा आहे.

उंच बसण्याची ही इच्छा केवळ पोरकट आहे, असे म्हणून आम्ही ती उडवून लावणार नाही. कोणी कशावर बसावे, हा आपल्या मुलखात फार जुना आणि कडू प्रश्न आहे. दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून त्याला खाली खेचल्याच्या बातम्या देशात आजही येतात. सवारी ही नेहमीच दर्जाची खूण होती. ज्याच्या आजोबाने दुसऱ्याच्या दारात चपला हातात घेऊन उभे राहण्यात आयुष्य काढले, ज्याच्या बापाने हमाली केली किंवा ट्रकवर क्लीनर म्हणून रात्री काढल्या, तो मुलगा चार पैसे जमवून जुनी स्कॉर्पिओ घेतो. पहिल्यांदाच जग त्याला वरून दिसते. आमच्या वर्गातील मुलांच्या वह्यांच्या मागच्या पानावर याच गाड्यांची चित्रे असतात. त्या चित्रांत श्रीमंतीचा हव्यास थोडा, आणि 'आम्हालाही कोणी तरी मोजावे' ही मागणी जास्त असते. ती मागणी रास्त आहे.

पण ती वसूल कुणाकडून करायची? ज्यांनी आजोबाला दारात उभे केले, ते रस्त्यावर पायी चालताना सापडत नाहीत. सापडतात ते सायकलवाले, शाळेची पोरे, हातगाडीवाले, मजुरीहून परतणाऱ्या बाया. म्हणजे आजोबाचा अपमान ज्यांनी केला ते बाजूलाच राहिले, आणि त्याची भरपाई आजोबासारख्याच माणसांकडून घेतली जाते. याला इज्जत म्हणता येणार नाही. जुलमाची जागा तीच राहिली, तिच्यावर बसणारा तेवढा बदलला.

अशा गाडीत पुढच्या काचेवर पुष्कळदा सवारीची दुआ चिकटवलेली दिसते. सूरह जुखरूफमधल्या या दुआचा आशय असा, की हे वाहन आमच्या ताब्यात आले ते अल्लाहने दिले म्हणून, आमची ती ताकद नव्हती, आणि आम्हाला त्याच्याकडेच परत जायचे आहे. म्हणजे सवारीवर पाय ठेवतानाच माणसाला त्याची कमजोरी आणि त्याची मौत आठवून दिली आहे. त्याच कुरआनमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला नसीहत करतात, ती चाल आणि आवाज या दोन गोष्टींविषयी आहे. ऐटीत चालू नकोस आणि आवाज खाली ठेव, असा तिचा मतलब. चाल आणि आवाज म्हणजे आजच्या भाषेत वेग आणि हॉर्न. काचेवर दुआ आणि तिच्याखाली बोटाशी तो किंचाळणारा हॉर्न, या दोघांचे एका गाडीत जमते कसे?

इस्लामच्या इतिहासात उंच सवारीचे प्रसंग आहेत, आणि त्यांचा रोख एकच आहे. इसवी सन ६३० मध्ये मक्का फतेह झाले तेव्हा पैगंबर साहेब उंटावर होते. सीरतच्या ग्रंथांत असे आहे की नम्रतेने त्यांची मान इतकी झुकली होती की दाढी खोगिराला लागू पाहत होती. हजरत उमर जेरुसलेमला गेले तेव्हा एकाच उंटावर ते आणि त्यांचा सेवक पाळीपाळीने बसत होते, आणि शहर जवळ आले तेव्हा पाळी सेवकाची होती, अशी हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो. इकडे आपल्या मातीत तुकोबांनी देवाकडे मोठेपण नव्हे, लहानपण मागितले. उंचीवर बसलेल्याने झुकावे, ही शिकवण दोन्ही घरची आहे.

या सर्वांत आम्हाला सर्वात मोलाचा वाटतो तो सलामचा नियम. हदीसमध्ये सांगितले आहे की सवारीवर असलेल्याने पायी चालणाऱ्याला सलाम करावा, आणि चालणाऱ्याने बसलेल्याला. म्हणजे पहिला सलाम उंचावरून खाली यायचा. दुनियेच्या रिवाजात खालचा वरच्याला सलाम ठोकतो. इथे तो रिवाज उलटा केला आहे. का? आमच्या समजुतीने, ज्याच्या हातात इजा करण्याची ताकद आहे, त्यानेच आधी 'माझ्याकडून तुला सलामती आहे' असे सांगायचे असते. पायी चालणारा सवाराला काय इजा करणार?

आता ही ताकद किती आहे ते पाहू. २०२३ साली अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने सुमारे १८ हजार अपघात तपासले. ज्या गाड्यांचे बॉनेट ४० इंचांहून उंच होते, त्यांच्या धडकेत पायी माणूस दगावण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. बुटकी गाडी पायांना लागते, उंच गाडी छातीला आणि डोक्याला. ४० इंच म्हणजे अंगणवाडीतल्या लेकराची पूर्ण उंची. ते बॉनेटला लागून उभे असेल तर चालकाला दिसतही नाही. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. ती सगळी उंच गाड्यांखाली आली, असे नव्हे. पण पायी माणूस रस्त्यावर किती उघडा आहे, हे त्या आकड्यातून कळते.

काही तरुण म्हणतील, 'आम्ही नमते घेतले तर आम्हाला कोण वाट देतो? ट्रकवाला देतो का? पुढाऱ्यांचे ताफे देतात का?' देत नाहीत, हे खरे. पण ताफ्याने आपल्याला धुळीत उतरवले, म्हणून आपण म्हातारीला उतरवावे, हा न्याय कुठल्या मजहबचा? हक्कुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, ज्याचे त्यानेच माफ करायचे असतात. नमाज, रोजे यांतली कसूर अल्लाह माफ करील. पण जिच्या अंगावर चिखल उडाला ती बाई कोण होती, हे काळ्या काचेआडच्या माणसाला ठाऊकच नसते. मग तो माफी मागणार कुणाची?

म्हणून गाडी घ्या, जरूर घ्या. हलालच्या कमाईची उंच गाडी दारात उभी राहिली तर मोहल्ल्याने खूशच व्हावे. फक्त काचेची फिल्म काढा आणि वस्तीतून जाताना काच खाली करा. पायी माणूस दिसला की वेग आधी कमी होऊ द्या, आणि ओळख असो वा नसो, मुसलमान असो वा नसो, मान तुकवून किंवा हात उचलून त्याला सलामती कळू द्या. त्या म्हातारीने भारा घेऊन रस्त्याच्या कडेने आपल्या चालीने चालत राहावे आणि आपली गाडी तिच्या मागून हळू यावी, एवढे जमले तरी सवारीची दुआ काचेवरून खाली उतरली असे आम्ही समजू.