बापाचे दुःख, पुत्राचे पाचारण
शास्त्रभाग : मार्क ७:३१–३७

लोकांनी बहिऱ्या मनुष्यास प्रभूकडे आणले, तेव्हा प्रभूने त्यास गर्दीतून एकीकडे नेले व त्याच्या कानांत बोटे घातली. ज्यास शब्द ऐकू येत नव्हता त्याच्याशी प्रभू स्पर्शाने बोलला. चारचौघांत त्यास लाजविले नाही.

ऑस्ट्रेलियातील कॅम्डन गावी ग्रॅम क्लार्क ह्या मुलाने अशी लाज घरीच पाहिली. त्याचे वडील औषधांचे दुकान चालवीत. त्यांस कमी ऐकू येई. म्हणून गिऱ्हाइकांस आपली खाजगी दुखणी सर्वांदेखत मोठ्याने सांगावी लागत. मोठेपणी कान बरे करावे, असे त्या मुलाच्या मनाने बालपणीच घेतले.

तो कानांचा डॉक्टर झाला. परंतु आतील कानाच्या शंखाकृती नळीत विजेच्या तारा इजा न करिता कशा घालाव्या, हे कोडे सुटेना. १९७७ साली समुद्रकिनारी एका शंखात गवताची पाती सरकविताना त्यास उमगले की, टोकाशी लवचीक व बुडाशी ताठ असेल तेच आत जाते. १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्न येथे त्याने अपघाताने बहिऱ्या झालेल्या एका मनुष्याच्या कानात ते यंत्र बसविले. पुढे त्या मनुष्यास शब्द कळू लागले.

बंधूंनो, आपल्या वाडीतील बहिऱ्या लेकरास कोणी हसते काय? त्यास एकीकडे घ्या, समोर बसून सावकाश बोला. तान्हे मूल आवाजाने दचकत नसेल, तर विलंब न करिता दवाखान्यात न्या. प्रभू आपले कान शेजाऱ्याच्या दुःखाकडे उघडो. आमेन.