वारशावर नाव कोणाचे?



गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हापासून मी कीर्तनाला उभा राहत नाही. पण जुनी घरे सुटत नाहीत. मागच्या नवरात्रात पाटणकडच्या डोंगरात एका यजमानांकडे मुक्कामाला होतो. तीन पिढ्यांचे माळकरी घर. खंडेनवमीचा दिवस होता. देवघरापुढे पाटावर कोयते, विळे, नांगराचा फाळ मांडलेला, आणि त्यांच्या शेजारी एक दुनळी बंदूक. तुम्हाला नवल वाटेल. मला वाटले नाही. त्या बाजूला रानडुकरे एका रात्रीत भुईमुगाचे वावर उकरून टाकतात, आणि शेतसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक काही घरांत आजही आहे. आबा म्हणाले, "महाराज, बार काढतो तो हवेत. गळ्यात माळ आहे." मी खोलात गेलो नाही.

बंदूक त्यांच्या आजोबांनी घेतलेली, विलायती. नळीवर बनवणाऱ्याच्या खुणा आणि क्रमांक. आबांनी ती उलटी करून दस्त्याच्या खालच्या अंगाला एक चांदीची लहान लंबगोल पट्टी दाखवली. विलायतेत अशी पट्टी मालकाच्या नावाची आद्याक्षरे कोरायला ठेवीत. आजोबांनी ती कोरीच ठेवली होती, वडिलांनीही. आबा म्हणाले, "यावर नातवाची अक्षरे घालावी म्हणतो. नाव असले की वस्तू घरात राहते. पुढे कुणाला विकायचे मन होणार नाही. तुम्ही काय म्हणता?"

नातू चार वर्षांचा. पुण्याला असतो.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. त्या विचाराचाच हा लेख.

वस्तूवर नाव घालणे वाईट, असे मी म्हणणार नाही. मारुतीरायांनी अशोकवनात सीतामाईंपुढे जी अंगठी धरली, तिच्यावर रामाचे नाव होते म्हणून तर त्या माउलीचा विश्वास बसला. ते नाव ओळख पटवायला होते. आपल्या घरातल्या भांड्यांचेही तसेच. लग्नकार्यात आळीतली पातेली एकत्र व्हायची, ती आपापल्या घरी परत जावीत म्हणून कासाराकडून नावे घालून घ्यायचे. माझ्या आईच्या एका तांब्यावर तिच्या मामांचे नाव होते, कारण तो त्यांनी लग्नात दिला होता. आई पाणी पिताना कधी कधी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवायची. देणाऱ्याचे नाव वस्तूवर असले की घेणाऱ्याला आठवण राहते. पण जो अजून घ्यायलाही आलेला नाही, त्याचे नाव आपण आधीच कोरतो, तेव्हा काय करतो?

महाभारतातल्या विराटपर्वात उत्तर राजपुत्र शमीच्या झाडावर चढतो आणि पांडवांची शस्त्रे उलगडतो. एका धनुष्यावर सोन्याचे हत्ती, दुसऱ्यावर सोन्याचे किडे. तो विचारतो, हे कोणाचे, ते कोणाचे? अर्जुन एकेक ओळखून सांगतो. गांडीवाविषयी मात्र तो आधी कोणाकोणाच्या हाती ते होते, तेच सांगतो: ब्रह्मदेव, प्रजापती, इंद्र, सोम, वरुण, मग अर्जुन. शेवटी पांडव महाप्रस्थानाला निघाले, तरी अर्जुनाच्याने ते धनुष्य सोडवेना. तेव्हा अग्निदेव वाटेत आडवे आले आणि म्हणाले, वरुणाकडून आणले होते, ते त्याला परत दे. अर्जुनाने ते पाण्यात टाकले. अभिमन्यूला नाही, परीक्षिताला नाही. एवढा मोठा वारसा, आणि वंशात राहिला नाही. मी हे आख्यान कितीदा लावले असेल, पण ही गोष्ट कधी थांबून पाहिली नव्हती.

सरकारचाही कायदा, गंमत पाहा, याच बाजूचा. 1959 चा शस्त्र कायदा आहे. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराण्याच्या नाही. परवानाधारक गेला की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची, आणि वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. तोही वयाची 21 वर्षे पुरी झाल्यावर. म्हणजे आबांच्या नातवाला अजून 17 वर्षे आहेत. दस्त्यावर चांदीत नाव असले तरी ठाण्यात ते कोणी वाचणार नाही. तिथे पाहतात तो नळीवरचा क्रमांक, आणि तो खोडणे गुन्हा आहे.

हे सगळे मी आबांना दुसऱ्या दिवशी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला. "महाराज, मी सात वर्षांचा असताना तुमच्या वडिलांनी माझ्या गळ्यात माळ घातली. मला विचारले होते का?"

माउली, मला लगेच उत्तर आले नाही. मी म्हणालो, माळेवर नाव नसते. तुटली तर नवी ओवता येते. ते हसले. त्यांना पटले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही पुरते पटले नव्हते. वडीलधारे मुलांवर काहीतरी घालतातच. भाषा घालतात, आडनाव घालतात, देव घालतात. प्रश्न एवढाच की ते पोराच्या भल्यासाठी असते, की आपण गेल्यावरही आपला हात त्या वस्तूवर राहावा म्हणून.

हे मी दुसऱ्याला शिकवतो आहे असे समजू नका. आमच्या वडिलांची काशाची टाळजोडी होती. त्या टाळांवर मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघेही शिकलो. वडील गेले तेव्हा मी पंचविशीत होतो, नुकती कीर्तने मिळू लागली होती. एका यात्रेत भांड्यांवर नावे घालणारा बसला होता, त्याच्याकडून मी दोन्ही टाळांवर माझे नाव ठोकून घेतले. हरवू नयेत म्हणून, असे घरी सांगितले. भाऊ काही बोलला नाही. पण त्यानंतर त्याने ते टाळ हातात घेतले नाहीत. बाजारातून साधी जोडी आणली आणि आयुष्यभर तीच वाजवली. काशाला ठोके सोसत नाहीत. एका टाळेचा नाद त्या दिवसापासून किंचित बसला, असे मला वाटते. भाऊ वाजवायचा थांबला म्हणून तसे वाटत असेल, तेही शक्य आहे. तो जाऊन आता नऊ वर्षे झाली. मी त्याच्याशी हा विषय कधी काढला नाही.

अखंड हरिनाम सप्ताहात तुम्ही विण्याचा पहारा केला असेल. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. रात्री तीनला कुणीतरी डोळे चोळत येतो, आधीच्याच्या पाया पडतो, वीणा गळ्यात घेतो. आधीचा जाऊन झोपतो. मी कितीतरी पहारे केले, पण ती वीणा कोणाच्या मालकीची हे कधी विचारल्याचे आठवत नाही.

परवा आबांचा फोन आला होता. पट्टी अजून कोरीच आहे, पण मन मानत नाही म्हणाले. मी म्हटले, मग नातू आला की त्याला बंदुकीपेक्षा आजोबांची गोष्ट सांगा. तेवढ्यावर बोलणे थांबले.

भावाचा नातू आता माझ्याकडे पावली शिकायला येतो. मागच्या एकादशीला मी ती टाळजोडी त्याच्या हातात दिली. पोराने अक्षरे वाचली आणि विचारले, "आजोबा, हे घासून काढू का?" मी म्हणालो, चिंच लावून रोज घास. जेवढे जाईल तेवढे जाऊ दे.