आधी जाऊन बघ, मग बोल

‘बाई, वेळच मिळत नाही हो.’

हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नकोस. गेल्या रविवारी तू मॉलमध्ये होतास. त्याच्या आदल्या रविवारीही तिथेच. दुकानांच्या काचांसमोरून पाच तास हिंडलास, काही घेतलं नाहीस, पोराला बटाट्याचे तळलेले तुकडे चारलेस आणि घरी येऊन ‘दमलो’ म्हणालास. हे पाच तास काय कुणाकडून उसने आणले होतेस?

वेळ आहे. पैसाही आहे. इच्छा नाही, आणि ते कबूल करायची हिंमत नाही. म्हणून वेळेच्या नावानं खडे फोडतोस.

इतिहासाचा विषय निघाला की यारी रोडच्या तुझ्या सोसायटीत सगळ्यांत मोठा आवाज तुझा. ऐतिहासिक सिनेमा लागला की पहिल्या दिवशी पहिला शो. शिवजयंतीला फोनवर स्टेटस. ग्रुपवर कुणी वेडंवाकडं लिहिलं की रात्री दोनपर्यंत भांडण. आणि काळा घोड्याजवळ ज्या वास्तूला महाराजांचं नाव दिलंय, त्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयाच्या दारातून तू शेवटचा आत कधी गेलास? शाळेच्या सहलीत. मीच नेलं होतं. तेव्हाही तुझं सगळं लक्ष डब्याकडे. पण तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास, म्हणून सोडून दिलं. आता चाळिशी आली. आता कशाच्या नावावर सोडून देऊ?

वाघनखांचं आठवतं? जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती साताऱ्याला आली. ही तीच की दुसरी, यावर तू कितीतरी दिवस हिरिरीनं वाद घातलास. साताऱ्याला गेलास? नाही. त्यांच्या पेटीवर काय लिहिलंय ते वाचलंस? तेही नाही. ही वाघनखं पेशव्यांच्या प्रधानानं जेम्स ग्रँट डफला, तो साताऱ्याचा रेसिडेंट असताना दिली, असं त्या पेटीवरचा मजकूर सांगतो. आणि अफझलखानाच्या भेटीत वापरलेली ती हीच, याची खात्री करता आलेली नाही, असं खुद्द लंडनचं संग्रहालय लिहितं. वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, मधली साखळी कुठे तुटते, हे शोधायचं असतं. ते न बघता ‘हीच’ म्हणणारा आणि ‘ही नाहीच’ म्हणणारा, दोघे मला सारखेच. हे मी तुला नववीत शिकवलं होतं. तुला ते नेमकं कळलंही होतं. राग त्याचाच येतो. ज्याला कळतच नाही, त्याच्यासाठी मी घसा कशाला कोरडा करू?

वर्गात उभं राहून तूच विचारलं होतंस, ‘अशोकाचं राज्य आपल्याकडे होतं हे कशावरून?’ पुस्तकात छापलंय म्हणून माना डोलावणारी पोरं पुष्कळ होती. तू त्यांतला नव्हतास. मी म्हटलं, सोपाऱ्याचा दगड आहे, काळा घोड्याच्या म्युझियममध्ये ठेवलाय, जाऊन बघ. गेलास? इतक्या वर्षांत एकदा तरी?

तर आता ऐक. सोपारा म्हणजे तुझं नालासोपारा. अंधेरीहून विरार लोकल पकडलीस की लागतं तेच. तिथल्या भुईगावात १९५६ मध्ये अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. बावीसशे वर्षांहून जुना, ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला. तुकडाच आहे तो. पण हाच मजकूर गिरनारसारख्या ठिकाणी कातळावर कोरलेला मिळतो, त्याच्याशी ताडून फुटक्या दगडावरच्या ओळी लावता येतात. त्यात राजा काय सांगतो? आजारपण, लग्न, मूल होणं, प्रवास, अशा वेळी लोक नाना विधी करतात. करावेत, पण त्यांचं फळ थोडं. खरा विधी म्हणजे नोकराचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणं, प्राण्यांच्या बाबतीत संयम पाळणं, दान करणं. तुझ्या-माझ्या घरांविषयी बोलतोय तो माणूस. समुद्रकाठच्या या पट्टीत, तुझ्यासारख्याच संसारी लोकांना उद्देशून हे कोरलेलं आहे. आणि तू ते बघितलेलं नाहीस, कारण रविवारी पार्किंग मिळत नाही.

गाडी कशाला हवी? आहे ना वर्सोव्याला मेट्रो. मरोळ नाक्याला उतर, भुयारी मेट्रोत बस, हुतात्मा चौकात वर ये आणि चालू लाग. मेगाब्लॉकचं रडगाणंही आता संपलं. नव्या कॅफेची बातमी लागली तर वांद्र्यालाच काय, लोअर परळलाही दीड तास ट्रॅफिकमध्ये बसून जातोस. तेव्हा लांब पडत नाही?

बरं, फोर्टात त्या संग्रहालयापाशी पोचलास की आत शिरण्याआधी बाहेर थांब. भिंतीकडे बघ. तो पिवळसर दगड मालाडच्या खाणीतला आहे आणि काळा कुर्ल्याचा. काखेत कळसा म्हणतात तो असा. जॉर्ज विटेटनं ही इमारत बांधली ती तुझ्या उपनगरातल्या दगडातून. १९०५ मध्ये पायाभरणी, १९१४ मध्ये बांधकाम पुरं, मग पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ, आणि म्युझियम म्हणून दारं उघडली १९२२ मध्ये. मालाडला तू दर आठवड्याला जातोस. तिथून काय गेलं आणि कुठे लागलं, हे कधी मनात तरी आलं?

दुसरी सबब मला ठाऊक आहे. ‘पोराला कंटाळा येतो.’ पोराला कंटाळा येत नाही. तुला येतो, आणि तो तुझ्याकडून शिकतो. पेंग्विन दाखवायला त्याला राणीच्या बागेत नेलंस. रांगेत तिष्ठत उभा राहिलास, तेव्हा नाही कंटाळलास. तिथेच, अगदी फाटकाला लागून, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ पासून उघडलेलं, मुंबईतलं सर्वांत जुनं. बाहेर दगडी हत्ती उभा आहे. पोरगं विचारत होतं ना, ‘बाबा, हा हत्ती कसला?’ आणि तू म्हणालास, ‘असाच, शोभेचा.’ असाच? अरे, घारापुरीचा हत्ती तो! ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलायला गेले, तर तुटला. तुकडे मुंबईत आणून ठेवले, पुढे ते जोडून पुन्हा उभा केला. दहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा चांगली गोष्ट कोणती हवी? चोरी आहे, मोडतोड आहे, आणि साक्षीदार समोर उभा आहे. तुला एवढंच करायचं होतं, पाटी वाचायची होती.

पोराच्या डोळ्यांसमोर तू ‘असाच’ म्हणालास, हे मला सगळ्यांत जास्त लागलं. एक प्रश्न तू तिथल्या तिथे मारलास. तुझा प्रश्न मी मारला नव्हता.

आणि चुकून कधी कुठल्या संग्रहालयात गेलास, तर बघतोस कसं? एका दालनातून दुसऱ्या दालनात पळत. मूर्तीकडे पाठ, फोनकडे तोंड. शंभर वस्तूंवरून नजर फिरवून एकही न बघता बाहेर. याला बघणं म्हणत नाहीत. दिवसभरात तीन वस्तू बघ. फक्त तीन. प्रत्येकीसमोर दहा मिनिटं उभा राहा. कशाची केलीय? कुठे झिजलीय? कुणी वापरली असेल? इथवर आली कशी? अकबराचं चिलखत असो की अ‍ॅसिरियन राजवाड्यातली भिंतीवरची कोरीव शिळा, हेच चार प्रश्न. मुलाला एक वही दे आणि काढू दे चित्र, वाकडं का होईना. मग काहीतरी खा, झाडाखाली बसा, बोला. याला म्हणतात सुट्टीचा दिवस. मॉलमधून येताना तुमच्याकडे एकमेकांना सांगायला काय असतं?

‘पुढे कधीतरी’ म्हणू नकोस. २०१७ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयासोबत मोठं प्रदर्शन फोर्टातल्या याच इमारतीत भरलं होतं, भारत आणि जगाच्या इतिहासावरचं. तेव्हाही म्हणाला होतास, ‘बघू.’ २०१८ च्या सुरुवातीला ते संपलं. परत मिळेल?

फोर्टही जमत नसेल, तर घराबाहेर तरी बघ. वर्सोव्याच्या जेट्टीवरून बोटीनं मढला मासे खायला जातोस. तिथला किल्ला, तोच वर्सोव्याचा किल्ला, पोर्तुगीजांनी बांधलेला आणि वसईच्या मोहिमेत फेब्रुवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतलेला. आत सहज सोडत नाहीत, ठीक. पण मुलाला बाहेरून दाखवून एवढं तरी सांगितलंस? अंधेरी पूर्वेला महाकालीची लेणी आहेत, कोंडिविट्याची, गोल दगडी कोठडीतल्या स्तूपाची. महाकाली केव्ह्ज रोडचा पत्ता तू रिक्षावाल्याला रोज सांगतोस. त्या नावातली लेणी कुठे आहेत, ते सांगता येईल?

तू ढ असतास तर मी एक शब्द बोलले नसते. तुझी नजर चांगली होती, प्रश्न चांगले होते. ती नजर तू गंजवलीस आणि आता मुलाचीही गंजवायला निघालास. हे मी चालू देणार नाही.

येत्या रविवारी सव्वादहाला, दार उघडताना, फोर्टात उभा राहा. पोराला आणि वहीला घेऊन. भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाणार असशील तर बुधवार टाळ, त्या दिवशी ते बंद असतं. संध्याकाळी मला फोन कर. फोटो पाठवू नकोस, फोटो मला नकोत. सोपाऱ्याच्या दगडावरची अक्षरं कुठून कुठे तुटली आहेत, ते मुलाच्या तोंडून मला ऐकायचंय.