रिकामा सर्व्हर आणि अपरिग्रह

सर्व्हरचा प्रोसेसर सरासरी ४० टक्केच वापरात असेल, तर उरलेले ६० टक्के वाया गेले असे म्हणायचे का? प्रश्न हिशेबाचा दिसतो, पण तो नीतीचाही आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी अस्तेयाची, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताची, व्याप्ती वाढवली: गरज नसलेली वस्तू घेणे हीसुद्धा चोरीच. या कसोटीवर अर्ध्याहून अधिक वेळ रिकामे बसणारे यंत्र म्हणजे उघड परिग्रह, गरजेपलीकडचा साठा. शिवाय ते फुकट बसत नाही. गूगलमधल्या बारोसो आणि होल्झल यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की तेव्हाचे सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्के वापरावरच चालत आणि काम नसतानाही कमाल विजेच्या सुमारे निम्मी वीज खात.

आरोप गंभीर आहे. पण गरज कोणाची, हे ठरल्याशिवाय तो सिद्ध होत नाही. टेलिफोनचे कॉल वेळापत्रक पाळून येत नाहीत, तरी त्यांच्या अनियमितपणाचे गणित मांडता येते, हे डॅनिश गणिती अर्लांग यांनी १९०९ मध्ये दाखवले. त्यातून वाढलेल्या रांगेच्या गणिताचा सर्वांत साधा नमुना घ्या: सर्व्हर एकच, विनंत्या केव्हाही येणाऱ्या, कामे कमीजास्त लांबीची. वापर ५० टक्के असेल तर उत्तराला मूळ कामाच्या सरासरी दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट. वापराची टक्केवारी यंत्राच्या बाजूने पाहते. खोळंबा माणसाच्या वाट्याला येतो. निकाल पाहायला हजारो विद्यार्थी एकदम येतात, तेव्हा दिवसभराची सरासरी त्यांच्या काही कामाची नसते. त्यांची गरज त्या काही मिनिटांतच मोजावी लागते.

यावर कोणी म्हणेल, क्लाउडमध्ये हवे तेव्हा सर्व्हर वाढवता येतात, मग शिल्लक कशाला? पण नवा सर्व्हर उभा राहायला वेळ लागतो, आणि तो मागताच मिळावा म्हणून क्लाउड कंपनीला स्वतःकडे क्षमता राखून ठेवावीच लागते. रिकामेपण नाहीसे होत नाही, ते दुसऱ्याच्या खात्यावर जाते. तरीही या सोयीत तथ्य आहे. सगळ्यांची गर्दी एकाच वेळी होत नाही, म्हणून अनेकांनी मिळून ठेवलेली राखीव क्षमता प्रत्येकाने वेगवेगळ्या ठेवलेल्या क्षमतेच्या बेरजेपेक्षा कमी असली तरी पुरते. म्हणजे अपरिग्रहाचा आग्रह इथे शिल्लक शून्यावर आणायला नव्हे, ती सामाईक करायला सांगतो. शिल्लक ठेवण्यात दोष नाही. ती कोणासाठी, किती आणि कोणत्या मोजमापावरून ठेवली, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याच बाबतीत ती साठेबाजी ठरते.