दान की देणे?

दान आणि देणे हे दोन शब्द एकाच धातूतून आले असले, तरी नीतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. दान देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. देणे हा घेणाऱ्याचा हक्क असतो. आपल्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक किंवा वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या बाईला आपण दरमहा पगार देतो, नाताळला एखादी साडीही देतो. तेवढ्याने आपले देणे फिटले का, हा विचार मात्र क्वचितच आपल्या मनात येतो.

आपल्यापैकी अनेकांना कारखान्यात वा कार्यालयात कायद्याचे संरक्षण लाभले. १९४८ साली किमान वेतनाचा, तर १९७२ साली ग्रॅच्युइटीचा कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अशा जुन्या कायद्यांची जागा चार कामगार संहितांनी घेतली आहे. परंतु त्यांपैकी औद्योगिक संबंध संहितेने 'उद्योगा'च्या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्ट शब्दांत वगळली आहे. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तथापि तो कल्याणकारी साहाय्याचा आहे, नोकरीच्या सुरक्षिततेचा नव्हे. स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारला दिला.

मग जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे न्यायाचे बंधनही संपते काय?

"ती स्वखुशीने आली, पगार आधीच ठरला होता," असे आपण म्हणतो. या युक्तिवादाला पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात उत्तर दिले आहे. गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भयाने कामगाराने कठोर अटी मान्य केल्या, तर ती त्याची खुशी नव्हे, तो त्याच्यावरील अन्याय होय, असे ते प्रतिपादितात. कराराहूनही प्राचीन असा निसर्गदत्त न्याय आहे आणि काटकसरीने जगणाऱ्या कामगाराचा निर्वाह व्हावा एवढे वेतन तो मागतो. गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, ही मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञाही दयेची नसून न्यायाचीच आहे. न्यायाने जे देणे लागते ते दान म्हणून पुढे करू नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली बजावले.

एक हिशोब करून पाहू. ग्रॅच्युइटीचा कायदा वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचे वेतन देतो. वीस वर्षांच्या सेवेचे तीनशे दिवसांचे वेतन होते. निवृत्तीच्या दिवशी ही रक्कम आपण आपल्या श्रमाचे फळ म्हणून ताठ मानेने स्वीकारली. आपल्याच घरात वीस वर्षे राबलेली बाई गुडघे दुखू लागल्यावर काम सोडते, तेव्हा तिच्या हाती काय असते?

"आम्हीच मध्यमवर्गीय, कोठून देणार?" ही अडचण खोटी नाही. परंतु आठवड्याची एक सुट्टी, आजारपणात न कापलेला पगार आणि काढण्यापूर्वी महिन्याची पूर्वसूचना यांस फारसा पैसा लागत नाही. तिच्या नावे दरवर्षी पंधरा दिवसांचे वेतन बाजूला ठेवणे काटकसरी कुटुंबालाही बहुधा शक्य असते. तेही परवडत नसेल, तर कामाचे तास कमी करावेत. मोबदला न देता श्रम घेऊ नयेत.

हाच निकष धर्मगुरुनिवासातील स्वयंपाक्याला आणि चर्चच्या सेवकालाही लागू आहे. आम्ही वेदीवरून जो न्याय सांगतो, तो आधी आमच्या स्वयंपाकघरात दिसला पाहिजे. नाताळची साडी जरूर द्यावी; मात्र आधी देणे फेडावे, मग दान करावे.